काकूंनी बसवलेलं इंजिन

शिवणकाकूंच्या व्हरांड्यात नवऱ्याची मोटारसायकल जुनी चादर पांघरून वर्षानुवर्षं उभी होती. नवऱ्याला झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. विकून टाकू म्हटलं की दारातल्या खुर्चीतून आवाज यायचा, "मी असेपर्यंत गाडी हलणार नाही." आणि हलणार तरी कशी? इंजिन जाम झालेलं, किक दगडासारखी घट्ट.

धडधाकट होता तेव्हा हाच नवरा एकदा भांडणाच्या भरात काकूंना याच गाडीवरून भर रस्त्यात उतरवून निघून गेला होता. हातातल्या पिशव्या सावरत काकू पायी घरी आल्या, तर हा चहा पीत बसलेला. म्हणाला, "उशीर केलास." ते दोन शब्द काकूंच्या मनातून कधी गेलेच नाहीत. त्यामुळे एका सकाळी शिलाई मशीनवर कापड टाकून त्या पाना घेऊन गाडीपुढे बसल्या, ते काही प्रेमापोटी नव्हे. ही गाडी आपण चालू करायची आणि आपणच चालवायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"अगं, ते शिलाई मशीन वाटलं का तुला?" नवरा म्हणाला.

"तेल दोन्हीला लागतं," काकू म्हणाल्या आणि पहिलाच बोल्ट उलट्या बाजूला फिरवून आणखी आवळून बसल्या.

मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, पुन्हा बघायचा. प्रत्येक झाकणाचा आकार पुठ्ठ्यावर काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायची युक्ती मात्र त्यांची स्वतःची. इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं तर आत पिस्टन गंजाने सिलिंडरला धरून बसलेला. त्यावर डिझेल ओतून त्या वाट बघत राहिल्या, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलके हलके ठोकायला लागल्या. "फोडशील!" नवरा ओरडायचा. काकू ठोकत राहायच्या. एकदाचा पिस्टन केसभर सरकला, आणि काकूंच्या तोंडून नकळत "ये बाई, ये" असं निघालं.

काकूंनी नेलेला सिलिंडर बाजारातल्या लेथवाल्याने हातात फिरवून बघितला. "काकू, मालकांना पाठवा, मी समजावतो."

"मालक खुर्चीत आहेत. मला समजवा."

त्याने समजावलं. भोक मोठं करून दिलं, त्या मापाचा नवा पिस्टन दिला, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवायला सांगितलं. घरी येऊन पिस्टनवर रिंग चढवताना ती कट्‌कन तुटली, तेव्हा काकू ग्रीसच्या हातांनीच डोळे पुसत बसल्या. दुसरी आणली. सांध्यात बसणारी गॅस्केट मात्र कागदावर आकार घेऊन अशी बिनचूक कापली, की त्यांचं त्यांनाच हसू आलं.

सगळं बसलं. काकूंनी किक मारली. पुन्हा मारली. पोटऱ्या भरून आल्या, पण इंजिन फुरफुरलंसुद्धा नाही. नवरा अर्ध्या चेहऱ्याने हसला.

"इंजिनातल्या चेनच्या खुणा जुळल्या नाहीत. एक दात चुकलाय. बसवताना मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

काकूंनी पुन्हा पाना उचलला. पुन्हा सगळं उघडलं.

पुढच्या खेपेला इंजिन खोकलं, ठसकलं आणि धडधडत चालू झालं. व्हरांड्याची जाळी थरथरायला लागली. शेजारणी बाहेर आल्या. काकू सीटवर हात टेकून उभ्याच राहिल्या. खुर्चीत नवऱ्याचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपल्याला शाबास म्हणणार, असं काकूंना वाटलं.

त्याने डाव्या हाताने फोन उचलला. धाकट्या भावाला लावला.

"गाडी तयार आहे. घरातल्या घरात राहील, येऊन घेऊन जा... हो, गॅरेजातून करून घेतली."

काकूंनी इंजिन बंद केलं. "गॅरेजातून?"

"बाईने उघडलेलं इंजिन म्हटलं असतं, तर तो आला असता का न्यायला?"

"आणि मी? मी चालवणार होते."

"तू?" नवऱ्याला खरोखरच नवल वाटलं. "या वयात?"

गाडीचे कागद नवऱ्याच्या नावावर. दीर येईपर्यंत काकूंच्या मनात फार वाईट विचार येऊन गेले. ऑइलचा एक बोल्ट ढिला सोडला की ऑइल गळून इंजिन पुन्हा जाम झालं असतं. त्या पाना घेऊन वाकल्याही होत्या. पण स्वतःच्या हाताने बसवलेलं त्यांना मोडवेना. दीर आला, "दादा, गाडी काय करून घेतलीस!" म्हणाला, काकूंनी दिलेला चहा प्यायला आणि गाडी घेऊन गेला.

काही महिन्यांनी तोच दारात उभा. "वहिनी, धूर मारतेय हो. दादाने कुठल्या गॅरेजला दिली होती?"

काकू बाहीला काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनाच विचारा."

नवऱ्याने काकूंकडे बघितलं. मग भावाला म्हणाला, "बंद झालं ते गॅरेज."

काकूंनी दोरा दाताने तोडला आणि पुढचं काज घेतलं.