तळ्यावरची ट्रायल

उमाजी मास्टर पाण्याला भितात, हे चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीत पोस्टमनलाही ठाऊक होतं. वर्षातून एकदा सगळं घर श्रीरंगपट्टणला जायचं. बाकीचे कावेरीत डुंबायचे आणि मास्टर वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचे. तेही आधी तांब्यात वाकून बघून. "नदी मोठी, आपण बारीक. उगाच ओळख कशाला वाढवा," असं त्यांचं म्हणणं होतं.

असा माणूस शनिवारी दुपारी महादेवपुऱ्याकडच्या बसमध्ये बसला होता आणि एका तळ्याकडे निघाला होता. खिशात मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ, बोटात शिंप्याचं अंगुस्तान आणि शर्टाच्या कॉलरला खोचलेलं दाभण. मळमळलं तर हुंगायला म्हणून बायकोनं, सकवारबाईंनी, दिलेलं लिंबू मुठीत होतं. ते त्यांनी इतकं दाबलं, की सिल्क बोर्डाच्या सिग्नलला त्याचा रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

झालं होतं ते असं. मास्टरांच्या घराण्यात वडलांपासून एक नियम होता : अंगाला लागल्याशिवाय पक्की टीप नाही. कोट असो की ब्लाउज, मोक्याची शिवण आधी कच्च्या दोऱ्यानं टाचायची. मग गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचं, घालायला लावायचं, वाकवायचं, उठवायचं, बसवायचं, आणि मगच मशीनवर घ्यायचं. ट्रायलचे कपडे हँगरवर टांगलेले, तयार झालेले घडी घालून फळीवर. या एवढ्या खुणेवर सकवारबाई तीस वर्षं दुकान सांभाळत आल्या होत्या. नवरा बाहेर गेला की हँगरला हात लावायचा नाही, फळीवरचं देऊन टाकायचं. कधी चूक झाली नव्हती.

मग अक्षरानं झोळी मागितली.

अक्षरा ही त्यांची धाकटी लेक. चित्रकलेच्या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून चित्रं सोडून बाकी सगळं करते, असं मास्टरांचं प्रामाणिक मत होतं. तळ्याकाठी तीन दिवसांचा कला महोत्सव भरणार होता. तिथं तिला पाण्यात चार बांबू रोवायचे होते, त्यांना चारी कोपऱ्यांनी पांढरी झोळी बांधायची होती आणि आपण त्या झोळीत तासभर निपचित पडायचं होतं. सूर्य मावळला, घंटा झाली, की उठून उभं राहायचं.

"आणि?" मास्टरांनी विचारलं होतं.

"आणि काही नाही, आप्पा."

"हे बघायला लोक येणार?"

"येणार."

"त्यांच्या घरी कुणी झोपत नाही काय?"

अक्षरा हसली होती. पण जाताना म्हणाली होती, "शिवून द्या, पण बघायला मात्र येऊ नका हं." त्यालाही कारण होतं. मागच्या वर्षी तिच्या प्रदर्शनात मास्टर भर गर्दीत म्हणाले होते, की तो कोपऱ्यातला पडदा उसवलाय, आणून दे, पाच मिनिटांत करून देतो. तो मुद्दाम उसवलेला होता. त्यावर एका पाहुण्यांनी नुकतंच पंधरा मिनिटं भाषणही केलं होतं. पोरगी घरी येऊन रडली. त्या दिवसापासून अक्षराच्या कामात लोकांसमोर तोंड उघडायचं नाही, अशी मास्टरांनी अंबाभवानीपुढे शपथ घेतली होती.

झोळी कापडाचे दोन पाट मधे जोडून केलेली, जाड मांजरपाटाची. दोन्ही टोकांना वीत वीत पक्की टीप मारली आणि मधली सहा फुटांची शिवण दुहेरी कच्च्या दोऱ्यानं नुसती टाचून ठेवली. झोळी एकदा दुकानातच खुंट्यांना बांधून पुट्टीला, म्हणजे लाडक्या धाकटीला, तीत झोपवू, कुठं ताण येतो बघू, मग टीप घालू, असा हिशेब. एरवी ते टाचायला लाल दोरा घेत, म्हणजे कच्चं कुठलं ते आंधळ्यालाही दिसतं. पण लाल दोऱ्याचा रंग ओल्या पांढऱ्या कापडावर उतरतो, म्हणून या वेळी दोराही पांढराच. आणि एवढं मोठं ते धूड हँगरवर राहीना, म्हणून त्यांनी त्याची छान घडी घातली, फळीवर ठेवली आणि अस्तराचं कापड आणायला यशवंतपूर गाठलं.

शनिवारी जेवण झाल्यावर त्यांनी फळीकडे बघितलं.

"पुट्टीनं काल नेली की हो," सकवारबाई म्हणाल्या. "घडी घालून होती ना फळीवर? मग दिली."

"कार्यक्रम उद्या ना तिचा?"

"उद्या कुठला? आज. पाचला झोपायचं आहे म्हणे तिला."

मास्टर स्टुलावर बसले. "ती पक्की नाही," ते म्हणाले. "झोपेल तोवर धरेल. उठली की सगळं वजन मधे येतं."

सकवारबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांना पोहता येत नव्हतं, मास्टरांना येत नव्हतं, आणि ज्या घरात दोन पिढ्या पायरीवर बसून आंघोळ करतात तिथं लेकीला तरी कुठून येणार? अक्षराचा फोन बंद होता. सहा वेळा बंद होता.

तळ्यावर पोचेस्तोवर साडेपाच होत आले. आत माणसं जत्रेसारखी, पण जत्रेला असतो तो आवाज नव्हता. सगळे कुजबुजत होते, आणि त्यानं मास्टरांना जास्तच भीती वाटली. प्लास्टिकच्या बाटल्यांचा घराएवढा मासा तोंड वासून उभा होता. झाडांना लोकरीचे स्वेटर घातले होते, बिनबाह्यांचे. एका मोठ्या आरशात फक्त आभाळ दिसत होतं आणि त्यापुढे लोक रांग लावून उभे होते. एरवी मास्टरांनी प्रत्येकाला काहीतरी ऐकवलं असतं. आज ते त्या माशाच्या पोटातून, शेपटीकडून बाहेर पडून, सरळ पाण्याच्या काठावर आले आणि थांबले.

तळं त्यांना वाटलं होतं त्याहून मोठं होतं. मधोमध चार बांबू, त्यांच्यात पांढरी झोळी, पाण्यापासून पुरुषभर उंच. झोळीच्या काठावरून काळ्या केसांचा एक शेंडा लोंबत होता.

छाती भरून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक ऐकली की पोरगी आधी काय करेल? उठून बसेल. शपथ आणि शहाणपण या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात प्रथमच एका बाजूला आल्या होत्या.

काठावर अडवायला बांधलेल्या दोरीपाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी उभी होती. वल्लरी नाव. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, सुट्टीच्या दिवशी इथं स्वयंसेवक.

"काका, ही लाइन क्रॉस नाही करायची, प्लीज."

"अक्का, स्वल्प ऐका. ती माझी लेक."

"अय्या, किती छान! प्राउड वाटत असेल ना?"

"तिला उठू देऊ नका."

"नाही उठणार. सनसेटपर्यंत एकदम स्टिल आहे ती."

"त्यानंतर?"

"मग उभी राहते. तोच तर क्लायमॅक्स आहे."

मास्टरांनी सूर्याकडे बघितलं. तो पलीकडच्या इमारतींच्या वर चार बोटं होता. त्यांनी शक्य तितक्या सावकाश सगळं सांगितलं : हँगर, फळी, पांढरा दोरा. वल्लरीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं काठाला आपली बोट बांधून बसलेल्या माणसाला बोलावलं. त्याचं नाव फत्तेसिंग. बेळगावकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, आता बोटीवर.

"उतरवून घेऊ या ना तिला, दादा," वल्लरी म्हणाली.

"उतरवायचं म्हंजे आधी उठवायला लागतंय की," फत्तेसिंग म्हणाला. "उठवलं की फाटतंय, असं म्हणायलेत हे."

"लाइफ जॅकेट आहे ना तिच्या अंगात?"

"न्हाई वो. केशरी रंग चित्रात नको म्हणाली. हट्टी हाय पोरगी."

"पडली तर तुम्ही काढाल ना?" मास्टरांनी विचारलं.

फत्तेसिंगनं वल्ह्यानं पाण्यातला हिरवा गुंता ढवळून दाखवला. "उडी मारीन की. पण खाली जलपर्णीचा गुंता हाय बघा, मामा. त्यात पाय अडकला तर मला बी काढायला माणूस बघायला लागतंय."

"मग मला न्या," मास्टर म्हणाले. हे वाक्य आपल्याच तोंडून आलं का, ते बघायला त्यांनी एकदा मागेही वळून पाहिलं.

वल्लरी अडली. कार्यक्रम चालू असताना बोटीत फक्त कलाकार, असा कडक नियम होता. ती फोन काढून कुणाला तरी विचारू लागली. तेवढ्यात मास्टरांचं लक्ष काठावरच्या पाटीकडे गेलं. पाटीवर कन्नड आणि इंग्रजीत अक्षराचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ : शिवण, उमाजी. मतदार यादी सोडली तर आपलं नाव छापलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"हा उमाजी मी," ते पाटीवर बोट ठेवून म्हणाले.

वल्लरीनं पाटी वाचली, मास्टरांकडे पाहिलं, फोन खिशात टाकला. "मग तुम्ही आर्टिस्टच आहात. बसा."

त्यांना केशरी जाकीट चढवण्यात आलं. बोटीत पाय ठेवला तशी बोट बाजूला सरकली, आणि मास्टरांनी फत्तेसिंगचा कान धरला. हाताला तेवढंच लागलं.

"कान सोडा की वो मामा. वल्ही मारायची हायत."

ते बोटीच्या तळाशी उकिडवे बसले, डोळे मिटले. खाली फळीच्या पलीकडे पाणी चुळुकचुळुक करत होतं. बोटभर जाडीची फळी, आणि त्याखाली, त्यांच्या हिशेबानं, दोन पुरुष पाणी. ते मनातल्या मनात शिवणीची मापं म्हणू लागले, जशी बाकीचे लोक स्तोत्रं म्हणतात. छाती बत्तीस, छाती चौतीस, छाती छत्तीस. छाती अठ्ठेचाळीसला बोट बांबूला टेकली.

डोळे उघडले तर झोळी डोक्यावर होती. आणि मधली शिवण तीन ठिकाणी हसत होती. दोन टाक्यांच्या मधे बोट जाईल एवढ्या फटी, त्यांतून अक्षराच्या कुडत्याचा पांढरा रंग. त्यांच्या देखत एक टाका तुटला. टक्. एवढासा आवाज.

"मामा, उभं ऱ्हावा. मी धरतो तुमास्नी," फत्तेसिंग कुजबुजला, आणि त्यानं मास्टरांच्या कमरेला मिठी घातली.

"पुट्टी," मास्टर हळू म्हणाले. "हलू नको."

झोळीतून आवाज आला, ओठ न हलवता काढलेला. "आप्पा? तुम्ही इथं? बोटीत?"

"हलू नको म्हटलं ना."

"अहो, लोक बघतायत. मी सांगितलं होतं ना, येऊ नका म्हणून."

"मधली शिवण कच्ची आहे. ट्रायलची आहे."

वरून तिचा श्वास ऐकू आला, आखूड आखूड. "किती कच्ची?"

"माझ्यावर सोड."

हात वर करून ते शिवू लागले. बोट डुलली की दाभणाचं टोक चुकायचं. एकदा बोटात गेलं, एकदा अक्षराच्या पाठीत. ती हलली नाही. एक टाका पुढे, अर्धा मागे, पक्का बखिया, जसा ते पंधराव्या वर्षी वडलांसमोर बसून शिकले होते. तेव्हा चूक झाली तर फक्त कानाखाली बसायची. घाम डोळ्यांत उतरत होता. खाली बघायचं नाही, एवढं एकच त्यांनी ठरवलं होतं, आणि दर दोन टाक्यांनी ते खाली बघत होते. पाणी काळं होत चाललं होतं. काठावर शंभर फोन त्यांच्याकडे रोखलेले होते. अक्षराला चित्रात नको असलेला तो केशरी रंग आता चित्राच्या मधोमध, हात वर करून उभा होता.

चार फूट झालं. साडेचार. टक्. त्यांनी घातलेला मागचा नाही, पुढचा कच्चा तुटला.

काठावर घंटा वाजली. सगळे ती उठायची वाट बघत होते.

"आप्पा," वरून आवाज आला. "घंटा झाली."

"अजून दीड फूट आहे."

"सरी, बरं," ती म्हणाली आणि पडून राहिली.

काठावर चुळबूळ सुरू झाली. कुणी टाळी वाजवून थांबला. घंटा पुन्हा वाजली, या वेळी जरा रागावून. अक्षरा हलली नाही. मास्टरांना वर फक्त तिच्या पाठीचा आकार दिसत होता. अंधुक उजेडात दोरा दिसेना, तसे ते बोटांनी चाचपून टाके घालू लागले. शेवटचा टाका तीनदा घातला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"ऊठ आता. हळू. आधी बस."

तिनं कूस वळवली. झोळी करकरली, मधोमध खोल गेली, आणि मास्टरांनी दोन्ही तळवे शिवणीवर दाबून धरले, जणू ती फाटलीच तर पोरगी हातांवर झेलता येणार होती. ती बसली. मग बांबूचा आधार घेऊन उभी राहिली. सबंध शिवण ताठ झाली, टाका न् टाका, आणि थांबली.

काठावरून टाळ्यांचा आवाज पाण्यावरून येत राहिला. अक्षरा बांबूला बांधलेल्या शिडीनं बोटीत उतरली तरी मास्टरांचे हात वर झोळीलाच होते. तिनं ते एकेक बोट सोडवून खाली घेतले. अंगुस्तान बोटात घट्ट रुतलं होतं.

"तुम्ही पाण्यात आलात, आप्पा," ती म्हणाली.

"काखेत ओढतंय काय कुठं?" मास्टरांनी विचारलं. ट्रायलला प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत तेच.

"काही ओढत नाही. बसा आता."

तेव्हा कुठं मास्टरांच्या ध्यानात आलं, की आपण तळ्याच्या मधोमध आहोत आणि परत जायची वाटही पाण्यातूनच आहे. मगाशी शिवण होती, आता काहीच नव्हतं. त्यांनी जवळचा बांबू दोन्ही हातांनी कवटाळला.

"मी इथंच बरा आहे. तुम्ही व्हा पुढं."

"किती खोल हाय ते सांगू का मामा?" फत्तेसिंग म्हणाला. "म्हंजे मनातली भीती जाईल."

"नको," मास्टर म्हणाले, बांबू सोडला आणि अक्षराच्या दंडाला धरून, डोळे मिटून, पुन्हा छाती बत्तीसपासून सुरू झाले.