वहिनीच्या पिठातलं मीठ

माझी आई आवडाबाई म्हणजे कोपरच्या मिठागरातली वाघीण. भर उन्हात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची आणि वर मुकादमालाच दरडावायची. माया मात्र अशी, की समोरच्याला गुदमरायला व्हावं!

पंचावन्न सालची गोष्ट. पंढरीदादाची बायको, रतनवहिनी, पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात तिचं तोंड सुजलं, पायही सुजले. आईला वाटलं, सून अंगाने भरली. गावभर कौतुक सांगत सुटली! डोंबिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र वहिनीची लघवी काचेच्या नळीत तापवली, तर ती अंड्यातल्या पांढऱ्यासारखी गोठली. मी तर हादरलेच.

"मूत्रपिंडं बिघडलीत," बाई म्हणाल्या. "मीठ बंद, कष्ट बंद. नाहीतर दोन्ही जीव हाती लागणार नाहीत."

आईने मान डोलावली. वहिनीचा स्वयंपाक ती स्वतः करू लागली, वेगळ्या टोपात, वेगळ्या परातीत. तरी सूज उतरेना. पुढल्या खेपेला बाई भडकल्या, "हिला मीठ देतंय कोण?" घरी आल्यावर दादा वहिनीच्या अंगावर धावून गेला, "चोरून सुकट खातेस? लाज नाय वाटत?" ती नुसती रडत राहिली.

चार दिवसांनी मी चुलीपाशी गेले नि बघते तर काय, आई वहिनीच्या पिठात मीठ टाकतेय!

"अगं आये, वेड लागलं का तुला?"

"आळणी सुतकात जेवतात गो. दोन जीवांच्या पोरीला सुतकाचं वाढू? चिमूटभर तर हाय."

माझं डोकंच फिरलं. परातीतलं पीठ मी उकिरड्यावर फेकून दिलं. पण उशीर झाला होता. त्याच संध्याकाळी वहिनीला झटके आले. ठाण्याला इस्पितळात नेली. ती वाचली, मुलगा मेलेलाच जन्मला.

तिसऱ्या दिवशी वहिनी जरा बोलू लागली, तशी आईने दादासमोरच तिचे पाय धरले. "मीठ मीच घालत होते गो. मीच मारला त्याला."



"मला ठाऊक होतं, आई," वहिनी म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलेलं."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. "दादाची बोलणी खाल्लीस ती खाल्लीस, वर ती भाकरीपण खाल्लीस?"

"सासूने मायेने वाढलेलं ताट सरकवायचं कसं, बायजा? ते मला कुणी शिकवलंच नाही."