बाबांची अक्षरं, त्याच्या पेजवर

संगमरवरी टेबल, त्यावर तिरपं ठेवलेलं पुस्तक, शेजारी कॉफीचा कप आणि खिडकीतून आल्यासारखी झाडाच्या पानांची सावली. ग्राफिक डिझायनरचं काम हल्ली असं दाखवलं जातं. टेबल खरं नसतं, कप खरा नसतो, पुष्कळदा पुस्तकही अजून छापलेलं नसतं. तयार चित्रात आपल्या मुखपृष्ठाची फाइल टाकली की ती पुस्तक होऊन टेबलावर जाऊन बसते. याला आम्ही मॉकअप म्हणतो. मी बरीच वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं करते आहे आणि माझी बहुतेक पुस्तकं आश्विनात दीक्षाभूमीच्या गर्दीत, जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर विकली जातात. त्यांच्यावर धूळ बसते. वाचणारा वाकून एखादं उचलतो, आधी मागची बाजू वाचतो, मग पुढची पाहतो. माझं खरं प्रदर्शन ते. त्याचा फोटो मी कधी काढला नाही. असलं दाखवणं आपल्याला आवडत नाही, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे ते मला जमत नाही.

माझ्या मित्राला जमतं. आम्ही चित्रकलेच्या कॉलेजात एकाच बाकावर होतो. आता बेसा भागात त्याचा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, मी मनीषनगरला घरूनच काम करते. मधलं अंतर इतकं कमी की गाडीचा गिअर नीट पडायच्या आत पोहोचावं. तो रोज त्याच्या पेजवर काहीतरी टाकतो. पेन्सिलचा खरखर आवाज येतो, हात दिसतो, अर्ध्या मिनिटात कोऱ्या कागदावर लोगो उभा राहतो. प्रत्येक लोगोला एक गोष्ट असते. ती गोष्ट लोगो झाल्यावर ठरते हे मला माहीत आहे, कारण ठरवताना तो मलाच फोन करतो.

"बोल वं, डेअरीचा लोगो केला. 'दूध'मधल्या उकाराले काय म्हनू? वासराची शेपटी म्हनू का?"

"म्हण."

"लोक मानतील?"

"तू म्हटलं की मानतात."

त्याने म्हटलं. लोकांनी मानलं. एका बाईंनी खाली लिहिलं होतं की त्यांना त्यांच्या गावातला गोठा आठवला आणि डोळे भरून आले. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या एका मुखपृष्ठासाठी मी कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांची किती चित्रं काढून फाडली होती, पण ते कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. माझीही एक वेबसाइट आहे. तिच्यावर 'काम लवकरच' असं लिहिलेलं आहे.

मत्सर हा शब्द पुस्तकांत वाचताना मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो फार किरकोळ गोष्टींतून येतो. त्याच्या फोटोंतला प्रकाश चांगला असतो. त्याच्या पेजवर कुणी शंका काढली तर तो हसून उत्तर देतो. शहरातल्या निम्म्या डिझायनरांप्रमाणे तोही सुरुवातीला प्रत्येक लोगोत संत्रं टाकत असे, आणि त्या संत्र्यांची थट्टा करणारं रीलही शेवटी त्यानेच केलं. म्हणजे चूक केल्याचं श्रेयही त्याच्याकडे आणि ती ओळखल्याचंही. मी मात्र कधीच संत्रं काढलं नव्हतं. न काढलेलं संत्रं कसं दाखवणार?

हे सगळं मी सहन करत होते. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले.

बाबा कन्हानला शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर आमच्या वस्तीतल्या विहाराचा फळा त्यांच्याकडे आला. रविवारच्या वंदनेची वेळ, कुणाच्या घरचं लग्न, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, रक्तदान शिबिर, असं सगळं ते खडूने लिहीत. अक्षर असं की बसमधून जाणारी माणसंही मान वळवून वाचत. नवा मजकूर आला की जुना पुसायचा. आयुष्यभर त्यांनी जे उत्तम केलं ते असं ओल्या फडक्याने रोज जात राहिलं, आणि मी, जिचा धंदाच अक्षरांचा, तिने त्याची नोंद ठेवली नाही. बाबा होतेच ना.

त्यांनी लिहिलेला शेवटचा मजकूर विहारातल्या लोकांनी बरेच दिवस तसाच राहू दिला. मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरलं. त्यांनी मला फोन करून विचारलं आणि मगच पुसलं. त्याआधी जाऊन मी एक फोटो काढून आणला. त्या एका फोटोवरून मी बाबांच्या अक्षरांचा फॉन्ट करायला बसले. फोटोत जी अक्षरं होती ती झाली. जी नव्हती ती आठवणीतून काढावी लागत होती. 'झ' कसाबसा आला. 'ळ' येत नव्हता. काढला की तो माझाच दिसे. मला घाई नव्हती. वर्ष होत आलं तरी मला वाटायचं, हे काम पूर्ण झालं की बाबा पुरते जातील. वेबसाइटवर पहिलं काम म्हणून हेच ठेवायचं, एवढं मात्र ठरलं होतं.

एका रविवारी सकाळी नात्यातल्या एका वहिनींचा मेसेज आला. "तुझ्या बाबांवर किती सुंदर केलंय बघ." खाली त्याच्या पेजची लिंक.

आधी फळ्यांचे फोटो. एक नाही, कितीतरी. उन्हातला फळा, पावसाळ्यातला, फळ्याशेजारी बाबा, बाबांच्या सदऱ्यावर खडूची भुकटी. मग पांढऱ्यावर काळी, कापून काढल्यासारखी अक्षरं. मग तीच अक्षरं कापडी पिशवीवर, भिंतीवर, कपावर. संगमरवरी टेबलावर एक पुस्तक आणि त्यावर बाबांच्या अक्षरात 'कन्हान'. सोबतच्या मजकुराची सुरुवात अशी होती: "बाबा जाऊन वर्ष होत आलं."

तो त्यांना काका म्हणत असे.

पूर्ण मुळाक्षरं होती. मी आधी 'ळ' शोधला. बरोबर होता.

दुपारी आईचा फोन आला. आई कन्हानलाच असते. कुणीतरी तिला फोनवर दाखवलं होतं. "त्यानं किती चांगलं केलं वं. सारे लोक येऊन मले सांगून राहिले." मग म्हणाली, "तू काहून नाही केलं असं काही?"

मी करते आहे, असं सांगता आलं असतं. पण त्याचं झालेलं होतं आणि माझं चाललेलं होतं, आणि आमच्या धंद्यात चाललेल्या कामाला काही किंमत नसते. मी म्हटलं, "माझ्याकडे फोटो नव्हते."

"मंग त्याले माग ना."

संध्याकाळी मी बेसाला गेले. त्याने दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून तो दारातच म्हणाला, "शिव्या आतमधी ये अन् दे. शेजारी चांगले आहेत."

मला हसायचं नव्हतं. आत त्याच्या मोठ्या पडद्यावर बाबांचा 'क' होता, माझ्या डोक्यापेक्षा मोठा.

"आधी विचारणार होतो तुले," तो म्हणाला. "मंग वाटलं, तू नाही म्हनशील."

"म्हटलंच असतं."

"पाह्य! मंग कसं विचारू?" त्याने चहा ठेवला. पाठ माझ्याकडे असताना जरा हळू म्हणाला, "तू काहीतरी करून राहिली असशील हे माहीत होतं मले. वाट पाहिली. पण तू केलेलं दाखवतच नाहीस कधी. मले वाटलं, तुझ्या कपाटात राहून जाईन सगळं."

"ते माझे बाबा होते."

"हो. पोस्टमधी तुझं नाव टाकतो ना."

"नाव नको. फोटो दे."

"सारे घे," तो लगेच म्हणाला. त्याने हात आखडता घेतला असता तर मला बरं वाटलं असतं.

एवढे फोटो आले कुठून, हे तेव्हा कळलं. त्याची सासुरवाडी कामठीला, कन्हानच्या अलीकडेच. सासरी गेला की तासाभरात कंटाळायचा आणि गाडी काढून कन्हानला बाबांकडे जायचा. मी येत असे ते सणावाराला, हातात कुणाची तरी प्रुफं घेऊन. तो यायचा तो रिकाम्या हाताने. फळ्याच्या पायरीवर बसायचा.

त्याने व्हिडिओ लावला. बाबांचा आवाज त्या खोलीत आला.

"काय गा, काय काढून राहिला फोटो? उद्या पुसून टाकतो मी हे."

"म्हनूनच तर काढून राहिलो काका."

"तुले कामधंदे नाहीत वाटते. सासऱ्यानं हाकललं का?"

"तुमच्या पोरीले दाखवतो ना हे. तिले आवडते असं."

"तिले नको त्रास देऊ." बाबा हसले. फळ्याकडे वळले. "ती मोठी कामं करते गा. पुस्तकं करते. तिच्या पुस्तकावर मागच्या पानात तिचं नाव असते, बारीक. मी चष्मा लावून वाचतो. दरवेळेस वाचतो."

व्हिडिओ संपला. तो माझ्याकडे पाहत होता. या क्षणी माझा राग विरघळावा, असं त्याला वाटत असावं. त्याच्या पेजवरच्या बाईंचे डोळे भरून आले होते तसे माझेही भरून आले होते, पण राग वाढला होता. बाबांना माझा अभिमान होता हे मला हवं ते वाक्य होतं आणि ते त्यांनी त्याला सांगितलं होतं. माझ्याशी ते गाडी वेळेवर होती का आणि मनीषनगरला पाणी येतं का एवढंच बोलत. मी पुस्तक घेऊन बसले की दार ओढून घेत.

"अजून लाव," मी म्हटलं.

पुढच्या व्हिडिओत बोलणं जवळजवळ नव्हतंच. फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला असावा, कारण मागून त्याचा स्वतःचा आवाज येत होता. कुणाशी तरी तो कामाबद्दल बोलत होता. समोर बाबा कोऱ्या फळ्यापुढे उभे होते. त्यांनी खडू आडवा धरला आणि फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रेघ ओढली. नुसती रेघ, अक्षर एकही नाही. मग त्या रेघेखाली एकामागून एक अक्षरं टांगत गेले. ओळ पूर्ण झाल्यावर मागे सरले, पाहिलं, आणि पुढे येऊन अंगठ्याने जिथे शब्द संपत होते तिथे रेघ पुसली. एकेक जागा, घाई न करता. प्रत्येक जागेत खडूचा एक पुसट ढग राहिला.

आम्ही बाकीचे सगळे आधी शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. बाबा आधी आख्ख्या ओळीची रेघ देत आणि मग तिच्यातून शब्द सोडवून घेत. म्हणून त्यांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध दिसे. त्यांचा उजवा अंगठा कायम पांढरा असायचा. चहाच्या कपावर, पेपरच्या कडेला, माझ्या प्रुफांवरसुद्धा त्याचे ठसे उमटत आणि मी ते खोडरबराने घालवत असे. तो पांढरा कशाने होतो हे मी विचारलं नव्हतं. आईबरोबर मी विहारात पोहोचायची तोवर फळा लिहून झालेला असायचा.

"या फोटोंनी जीव घेतला माझा," मित्र सांगत होता. त्याने शेजारच्या लहान पडद्यावर फॉन्ट उघडला होता. "शब्दाशब्दाच्या मधात भलता कचरा. खडू पसरलेला सगळीकडे. साफ करता करता डोळे गेले." त्याने एक ओळ टाइप केली. "सगळ्यांनी वंदनेस यावे ही विनंती." प्रत्येक अक्षर बाबांचं होतं. ओळ बाबांची नव्हती. प्रत्येक शब्द आपापली छोटी रेघ डोक्यावर घेऊन सुटा उभा होता.

तो खुर्चीत मागे रेलला.

"काहीतरी राहून गेलं वं," तो म्हणाला. "लोकांना नाही समजत. मले समजते, पण काय ते सापडत नाही. एकेक अक्षर पाहिलं तर काका आहेत, अन् ओळ लिहिली की जातात. तुले दिसते का काही?"

तो खरंच विचारत होता. त्यात दाखवणं नव्हतं. मागच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ थांबलेला होता, बाबांचा अंगठा फळ्यावर. त्याने मान वळवली असती तरी त्याला दिसलं असतं. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या अंगठ्याचं रील झालं असतं. ते किती सुंदर झालं असतं आणि किती लोकांनी ते आपापल्या वडिलांना दाखवलं असतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? फॉन्टही बरोबर झाला असता.

"नाही," मी म्हटलं. "छान झालाय."

"खरं बोलून राहिलीस ना?"

"हो."

मी घरी पोहोचायच्या आत त्याने सगळे फोटो आणि व्हिडिओ पाठवून दिले होते. एकही मागे ठेवला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, "अजून सापडले की धाडतो."

काळ्या पुठ्ठ्यावर मी अधूनमधून तशी रेघ ओढून पाहते. अक्षरं टांगली जातात, पण अंगठ्याने पुसताना माझा ढग फार मोठा होतो आणि शेजारचं अक्षरही जातं. याचा फोटो मी काढत नाही. माझी वेबसाइट होती तशीच आहे.

परवा त्याने फॉन्टची सुधारलेली आवृत्ती पेजवर टाकली. खाली बाबांच्या लेकीचे आभार मानले होते. मी ती ओळ नंतर वाचली. आधी चित्र बोटांनी मोठं केलं आणि शब्दांमधल्या जागा एकेक करून पाहिल्या. सगळ्या स्वच्छ होत्या. मग मी खाली 'सुंदर' असं लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.