कुरमानचा बेरेके

कुरमान माझ्या समोरच्या घरातला. मी तोकमोकहून बिश्केकपर्यंत मिनीबस हाकतो आणि तो दिवसभर दोन पडद्यांसमोर बसतो. बँकेतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्यानं परकीय चलनांची आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा त्याची आई रडत माझ्याकडे आली होती. मी त्याला झापायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. पोरगा हुशार होता. चोर नव्हता, हेही आत्ताच सांगून टाकतो, कारण नंतर लोक वाट्टेल ते बोलले.

त्याचा पहिला प्रोग्राम सरळ होता. सौदा उलटला की थोडका तोटा सोसून बाहेर पडायचा. गेल्या दहा वर्षांच्या भावांवर त्यानं तो तपासून घेतला आणि इंटरनेटवर विकायला ठेवला. घेणारे दोन-चार तोटे बघायचे, शिव्या लिहायचे आणि पसार व्हायचे.

"तोटा झालेला चालतो लोकांना, बाइके," तो मला म्हणाला. आमच्याकडे थोरल्या भावाला बाइके म्हणतात. "दिसलेला चालत नाही."

मग त्यानं दुसरा बनवला. नाव बेरेके, म्हणजे बरकत. हा तोट्यातला सौदा बंदच करायचा नाही. भाव फिरायची वाट बघायचा, वर आणखी दुप्पट घ्यायचा. फायदा झाला की मालकाच्या फोनवर आरोळी, "सुयुन्चू!" आनंदाची बातमी आणणारा आमच्याकडे दारातूनच असा ओरडतो आणि ऐकणारा खुशीनं त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो. वाईट बातमी मात्र आम्ही कुणाच्या तोंडावर फेकत नाही. बेरेकेलाही त्यानं त्यासाठी आवाज दिला नव्हता.

"आणि भाव फिरलाच नाही तर?" मी विचारलं.

"फिरतो. दहा वर्षांत दरवेळी फिरलाय."

"तोवरचा तोटा?"

"सौदा बंद केला नाही, तोवर तो तोटा नसतो."

"वा रे वा! म्हणजे कुणाला कळवलं नाही तोवर म्हातारा जिवंत!"

तो खो-खो हसला. मला काही हसू आलं नाही.

बेरेके धडाधड खपला. कुठल्याकुठल्या देशांतले लोक महिन्याचं भाडं भरून वापरायला लागले. कुरमाननं घराला नव्या खिडक्या बसवल्या. माझ्या गाडीतसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या खिशातून "सुयुन्चू!" यायचं आणि सगळी गाडी कौतुकानं मागे वळून बघायची. रोज नुसती आनंदाचीच बातमी येणारं घर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला बुरुल आपा राहते. विधवा बाई. तिचा संजर कोरियात रंगाच्या कारखान्यात आहे आणि फोनवर बोलताना खोकतो. पैसे दुप्पट झाले की पोराला बोलावून घ्यायचं, इथंच टायरचं दुकान काढून द्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात. त्यानं पाठवलेली सगळी पुंजी घेऊन ती कुरमानकडे गेली.

"सगळे नका घालू, आपा," तो म्हणाला.

"का रे? परक्यांचं भलं करतोस आणि माझ्या संजरचं तुझ्या डोळ्यांत खुपतं?"

वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर आलं नाही. का नको, हे तर त्याहून नाही. त्यानं तिच्या नावानं खातं उघडून सगळे पैसे बेरेकेला लावून दिले.

एका सोमवारी कुठल्याशा दूरच्या देशाच्या बँकेनं काहीतरी जाहीर केलं आणि भाव जो सुटला तो फिरलाच नाही. बेरेके दुप्पट घेत गेला, पुन्हा दुप्पट घेत गेला, खाती रिकामी होईपर्यंत घेत गेला. त्या दिवशी माझ्या गाडीत एकही फोन ओरडला नाही. आपा कुरमानच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "झोपला काय रे तुझा बेरेके?" त्यानं सांगितलं, बाजाराला सुट्टी आहे.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. तोंड पांढरंफटक. तिला सांगायला सोबत चला म्हणाला. आम्ही गल्लीतल्या तुर्दू आजोबांनाही घेतलं.

"मेल्याचं सांगायला मी कितीक घरी गेलो," आजोबा वाटेत पुटपुटले. "पैशाचं कसं सांगतात, मला ठाऊक नाही."

फाटकात तीन पुरुष बघून आपा मटकन पायरीवर बसली. "संजर?"

"नाही, नाही! संजर बरा आहे," मी म्हणालो.

मग कुरमान बोलला. आडपडदा न ठेवता, एका दमात.

"सगळे?" तिनं विचारलं.

"सगळे, आपा."

तिनं स्वतःच संजरला फोन लावून कुरमानच्या हातात दिला. "त्यालाही तूच सांग. असंच."

त्यानं सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, पलीकडची यंत्रं ऐकू येत होती.

"बाबा गेले तेव्हा तुम्ही मला गाय मेली म्हणून बोलावलंत," संजर म्हणाला. "आलो तर माती देऊन झाली होती. आता पैसे बुडाले म्हणतोस. खरं सांग कुरमान, आई कधी गेली?"

"अरे, इथं बसलीय! तिच्याशीच बोल!" कुरमाननं फोन तिच्या तोंडाशी धरला. आपानं बोलायला ओठ उघडले.

"नको फसवू रे," पलीकडून रडका आवाज आला. "मी निघालोच. मिळेल त्या विमानानं येतो. नोकरी गेली तर गेली."

आपानं उघडलेलं तोंड मिटलं. डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं. कुरमान "बोला ना, आपा, बोला" म्हणत राहिला आणि फोन कट झाला.

तो पुन्हा लावणार, तोच तिनं फोन हिसकावला आणि मांडीखाली घातला.

"आपा, तो तुम्हाला माती द्यायला येतोय!" मी ओरडलो.

"कशालाही येऊ दे," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी त्याला फोन केलात, तर याद राखा."