शाफ्टखालचे दाणे

शांताची दस्ती शाफ्टात गेली तेव्हा माझी पाठ तिच्याकडे होती. ती ओरडली नाही. गळा आवळल्यावर माणूस ओरडत नाही. मला ऐकू आला तो टोपलं पडल्याचा आवाज. वळून बघितलं तर शांता गुडघ्यांवर, डोकं शाफ्टापासून वीतभर, दोन्ही हातांनी हडंब्याचा लोखंडी पाय धरलेला. तोंडाला रुमालासारखी बांधलेली दस्ती सरकून गळ्यात आली होती आणि तिचं टोक शाफ्टावर गुंडाळत चाललं होतं.

मळणीयंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागून निघून हडंब्याला फिरवतो तो लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. त्याच्यावर नळीसारखं झाकण असतं. या शाफ्टावर नव्हतं. ग्रीस भरायला आडवं येतं म्हणून ड्रायव्हरनं ते काढून बांधावर टाकलं होतं. मी रोज ते झाकण ओलांडून पाणी प्यायला जात होते. एका शब्दानं बोलले नाही.

जिंतूरकडच्या शिवारात आमची बायकांची टोळी सोयाबीनच्या राशी, म्हणजे मळणी, करते. मी टोळीची मुकादम. काम ठरवणं, बाया गोळा करणं, कोण कुठं उभी राहील ते सांगणं हे माझं. शाळा चौथीपर्यंत. शांता माझी धाकटी जाऊ, टोळीत माझ्याच शब्दावर आलेली.

दोघी बाया धावल्या आणि तिच्या कमरेला धरून ओढायला लागल्या. शांताचे डोळे बाहेर यायला लागले.

"ओढू नका, नुसतं धरा," मी म्हटलं.

"आक्का, जायलीय ती."

"धरा म्हनलं ना. ओढलं की फास बसायलाय."

ट्रॅक्टर चालू, सीट रिकामं. ड्रायव्हर बबन फोनवर बोलत पार विहिरीकडं गेला होता. त्याला हाका मारल्या असत्या तरी हडंब्याच्या आवाजात त्याला ऐकू गेल्या नसत्या.

शांता शाफ्टाखाली कशाला गेली, हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे रीत आहे. राशीचा माल मालकाचा, पण हडंब्याखाली सांडलेले दाणे मजूर बायांचे. कापलेल्या सोयाबीनची एक गंजी संपली की ड्रायव्हर ट्रॅक्टरची रेस कमी करतो. बंद करत नाही, कारण बॅटरी जुनी, परत चालू करायला धक्का मारावा लागतो. शाफ्ट हळू फिरत राहतो. तेवढ्या वेळात बाया टोपली घेऊन खाली वाकतात. जी आधी वाकेल तिचं टोपलं भरेल. माझ्या आईनं तसे दाणे वेचले, मी वेचले. तेव्हा खळ्यावर बैल फिरायचे. बैलात आणि शाफ्टात फरक आहे, हा विचार मी कधी केला नव्हता.

चारच दिवस आधी तालुक्याच्या शेतकी ऑफिसची गाडी गावात आली होती. मळणीत अपघात होऊ नये म्हणून मोहीम होती. पाराजवळ बबनचाच ट्रॅक्टर उभा केला. एका तरुण मॅडमनं गवताच्या बाहुलीला साडी नेसवली आणि तिचा पदर फिरत्या शाफ्टाला लावला. बाहुली गपकन गेली. बाया हसल्या.

"आमी काय गवताच्या हाव का?" सगळ्यात मोठ्यानं शांता म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. "कुणी अडकलं तर ओढायचं नाही. आधी ट्रॅक्टर बंद. बंद कसा करायचा, कुणाला माहीत आहे?"

बबन म्हणाला, "ते माझं काम हाय."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुठं जातो?"

मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. "मावशी, तुम्ही चढा."

आमच्या गावात बाई ट्रॅक्टरवर चढत नाही. ट्रॉलीत बसते, मडगार्डवरही बसेल, पण ड्रायव्हरच्या जागेवर नाही. दसऱ्याची पूजा नुकतीच झाली होती, बॉनेटवर हळदकुंकू तसंच होतं. मी चढले. गडी माणसं मजा बघायला पुढं सरकली.

"मावशे, चपला काढ, लक्ष्मी हाय ती," बबन म्हणाला. मागून कुणी तरी, "लायसन काढून द्या आता म्हातारीला."

लाल मुठीची एक कळ होती. ओढली. इंजिन जरा कण्हलं आणि परत चालू.

"अर्धी ओढून सोडायची नाही," मॅडम म्हणाल्या. "इंजिन मरेपर्यंत ओढून धरायची."

धरली. बंद पडलं. लोक टाळ्या वाजवत हसले आणि मी रागानं खाली उतरले. घरी जाताना म्हटलं, या पोरीनं उगंच माझा तमाशा केला.

मग सगळ्या बायांना दस्त्या वाटल्या. लांबलचक, चकचकीत, सुरक्षेचं वाक्य छापलेल्या. बऱ्याच बाया त्याच्यासाठीच आल्या होत्या. शांता ती लेकीसाठी पेटीत ठेवणार होती. मीच म्हटलं, "बांध की तोंडाला, धूळ लागणार न्हाई. कशाला ठेवायलीस?" सुती असती तर फाटली असती. ही फाटली नाही.

शांता अडकली त्या दिवशी मी चपला काढल्या नाहीत. पायरीवर गुडघा आपटला. लाल मूठ धरली, ओढली. इंजिन कण्हलं. हात घामानं निसटायला लागला, तशी दुसऱ्या हातानं पदर मुठीवर घेतला आणि अंग मागं टाकून धरून राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. खालून एक बाई सारखी "आक्का, आक्का" करत होती. इंजिन धडधडलं आणि मेलं. शाफ्टानं अजून एक फेरा घेतला, मग थांबला.

विळ्यानं दस्ती कापली. शांताच्या कानामागची कातडी केसांसकट निघाली होती. तोंड काळंनिळं. छाती हलत होती.

बबन पळत आला. "मी आत्ताच गेलतो, मावशे."

"गाडी आण. बाकी मग."

जिंतूरला नेलं, तिथून परभणीला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आणायची गरज पडली नसती.

पुढच्या आठवड्यात मी ती कापलेली दस्ती घेऊन ऑफिसात गेले. मॅडमच्या टेबलावर ठेवली. झालं ते सांगितलं. त्यांनी दस्तीवरचं छापलेलं वाक्य बोटानं सरळ केलं. मग म्हणाल्या, "आम्ही येऊच नये का, मावशी?"

"यायचं. पन हे वाटायचं न्हाई. कागद बी वाटू नका, आमच्यात निम्म्या बाया वाचत न्हाईत. बाईला ट्रॅक्टरवर चढवा. लोक हसले तर हसू द्या. आन दाण्याचं बोला. तुमी पदराचं बोललात, केसाचं बोललात, दाण्याचं कुनीच बोललं न्हाई."

"दाण्यांचं आम्हाला माहीतच नव्हतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आता आमच्या टोळीत ट्रॅक्टर बंद झाल्याशिवाय कुणी खाली वाकत नाही. धक्का मारायला लागतो म्हणून मालक कुरकुरतात, मी दुसरीकडं काम बघते म्हणते, मग गप बसतात. शाफ्टावर झाकण नसेल तर आम्ही गंजीला हात लावत नाही. टोळीतल्या प्रत्येक बाईला लाल मूठ दोनदा ओढायला लावते. तरी हडंबा चालू असला की मला पाठ फिरवून उभं राहवत नाही. टोपलं पडलं की पाय आपोआप ट्रॅक्टरकडं वळतात.

शिकले ते एवढंच. ज्या दिवशी मला वाटलं आपलं हसं झालं, त्या दिवशी मी कामाची एकच गोष्ट शिकले होते.

शांता जगली. मान डावीकडं पुरती वळत नाही, आवाज घोगरा झाला आहे, आणि कान झाकायला ती अजून दस्ती बांधते. सुती, आखूड.