डीबगर कोणी बसवला

तेव्हा मी नवऱ्याला अहोजाहो करायची. आता लिहिताना 'तो' म्हणते आणि त्याचं मला काही वाटत नाही.

लग्नाआधी मी मुंबईत एका ऑफिसात युनिक्सवर प्रोग्रॅम लिहायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन महाडला आले आणि कॉम्प्युटर सुटला. नवरा गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता. आल्या आल्या त्याने शब्द दिला, "जागा निघाली की साहेबांशी बोलतो तुझ्याबद्दल." सासूबाई मूळच्या डोंगरातल्या कुडपण गावच्या. त्यांनी तर सांगूनच टाकलं, "जा गो तू कामाला. घरचं बघायला मी हाय."

त्या साली कारखान्यात नवं मशीन आलं. जुनंही युनिक्स, नवंही युनिक्स, पण बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. जुन्यावरचा डीबगर नव्यावर चालेना. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला चालता चालता अडवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम. तो नव्या मशीनवर बसवायचं काम नवऱ्याकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं. घरी मशीन कुठलं असायला! दुपारची जेवणं उरकली की मी हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदाच्या पाठीवर कोड लिहायची. सकाळी तो डब्याबरोबर न्यायचा, कारखान्यात टाइप करायचा आणि मशीनने काय उत्तर दिलं त्याचा प्रिंटआउट संध्याकाळी आणायचा. एक चूक सुधारायला अख्खा दिवस जायचा. सासूबाई हसायच्या, "शाळेतल्या पोरासारखा अभ्यास घरी आणतो, आणि करते कोण, तर बायको."

नव्या मशीनवर डीबगर लावला की समोरचा प्रोग्रॅम मरायचा. नवरा म्हणाला, मशीनच खराब आहे. मी प्रिंटआउटमधले मेमरीचे पत्ते ताडून बघत बसले. डीबगर प्रोग्रॅमला थेट सुरू करत नाही, शेल नावाच्या मध्यस्थाकरवी करतो. मध्ये कुठलाही प्रोग्रॅम सुरू होताना सिस्टिम त्याला क्षणभर थांबवते आणि डीबगरला कळवते. जुन्या मशीनवर पहिला थांबा शेलचा आणि दुसरा आपल्या प्रोग्रॅमचा असायचा. नव्यावर त्याच्या आधी शेलचाच एक जादा थांबा होता. आम्ही मध्यस्थालाच आपला प्रोग्रॅम समजून त्याच्यात अडवायच्या खुणा पेरत होतो, मग तो मरेल नाही तर काय! प्रत्येक मशीनच्या अशा सगळ्या खोडी मी एका वेगळ्या फाइलमध्ये काढल्या, म्हणजे बाकीच्या कोडला पुन्हा हात लावायला नको. डीबगर चालला. त्या संध्याकाळी नवरा पेढे घेऊन आला आणि मी कामावर नेसायच्या साड्या ट्रंकेतून वर काढून ठेवल्या.

एका रविवारी साहेब जेवायला आले. कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. साहेबांनी नवऱ्याची पाठ थोपटली. "तो जादा थांबा यांनी असा पकडला की आमच्या मुंबई ऑफिसचे लोक बघतच राहिले." मला वाटलं, आता हा सांगेल. हा कालवणात भाकरी बुडवत राहिला. मग साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हीही कॉम्प्युटरवर काम केलंय ना? जागा निघाली तेव्हा मीच यांना म्हटलं होतं, तुम्हाला पाठवा म्हणून. पण आईंचं आजारपण, तुम्ही तरी काय करणार. शेवटी मुंबईचा एक मुलगा घेतला."

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "मी कधी आजारी पडली रे?"

साहेबांनी घाईघाईने कालवणाचं कौतुक केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ज्याच्या हातात मी विश्वासाने रोज कागद देत होते, त्यानेच माझी वाट परस्पर बंद केली होती, तीही स्वतःच्या धडधाकट आईला आजारी पाडून. आणि तोंड वर करून माझ्या हातचंच जेवत होता.

जाताना साहेब आणखी एका नव्या मशीनचं मॅन्युअल देऊन गेले. संध्याकाळी नवऱ्याने ते माझ्यापुढे सरकवलं, जणू काही झालंच नाही. "जमेल तसं बघ. तुझ्या त्या एका फाइलमध्येच तर बदल करायचाय."

"मला न विचारता साहेबांना 'नाही' का सांगितलंत?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू तिथं आली असतीस तर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं असतं, काम कोण करतं ते."

निदान एवढं तरी खरं बोलला. सोमवारी सकाळी मी डबा भरला, मॅन्युअल होतं तसं त्याच्या पिशवीत घातलं आणि पिशवी हातात देत म्हटलं, "आता कळू दे सगळ्यांना."