अडकणारी ओळ

आमचा दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर काच उजेडासमोर धरायची, ओरखडा दिसला की पुन्हा घासायची, हेच त्याचं काम. अशा माणसाला दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या जुन्या रेकॉर्डचा नाद लागावा, हे मला कधीच पटलं नाही. त्यातही सिनेमाची गाणी नकोत, मोठे गवई नकोत. याला हवीत लोकगीतं. कुठल्याशा डोंगरातल्या मेंढपाळांची, नावाड्यांची, मिठागरातल्या बायकांची. भाषा कळत नाही, गाणारं कोण ते कव्हरवर लिहिलेलं नाही, आणि हे गृहस्थ डोळे मिटून डोलतायत. मी तोंडावर चेष्टा करायचे. तो मनावर घ्यायचा नाही.

घर लहान. रेकॉर्ड कपाटातून पलंगाखाली उतरल्या तेव्हा वहिनीने नियम घातला की एका रेकॉर्डची एकच प्रत घरात राहील. जास्त स्वच्छ मिळाली तर जुनी बाहेर. दादाने तो इमानेइतबारे पाळला. रविवारी जुन्या बाजारातल्या रेकॉर्डवाल्याकडे जायचं, ढिगात मान घालून बसायचं आणि आपली खराब प्रत त्याच्या हवाली करायची.

मेंढपाळांच्या रेकॉर्डवरचा ओरखडा मात्र खुद्द वहिनीने पाडलेला. धूळ पुसताना तिचा कोपर लागला आणि सुई कर्रकन आडवी गेली. दादाने कित्येक दिवस अबोला धरला. तेव्हापासून पहिलंच गाणं एका ओळीवर अडकायचं. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. वहिनीच्या गळ्याचा आनंदच होता, पण ती स्वयंपाकघरातून त्या ओळीला साथ द्यायची, मनसोक्त गाऊन झालं की बाहेर येऊन टेबलाला एक धक्का मारायची, आणि मग गाणं पुढे सरकायचं. त्यांच्या घरात ते गाणं असंच होतं. मलाही ते तसंच पाठ आहे.

वहिनी आजारी पडली आणि बघता बघता गेली. दादा रडला नाही. लोक भेटायला आले, त्याने प्रत्येकाला चहा विचारला. काही दिवसांनी कामावर गेला. मी डबा घेऊन जायचे. तो जेवायचा, कसं झालंय विचारलं तर ठीक आहे म्हणायचा. मी मीठ घालायला विसरले त्या दिवशीही ठीकच होतं. मला त्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची.

रविवारी बाजारात जाणं तेवढं सुटलं नाही. असंच एकदा ढिगात त्याला मेंढपाळांची दुसरी प्रत सापडली. उजेडात धरून पाहिली, एक रेघ नाही. सवयीने घरी आणून ठेवली, आणि पुढच्या रविवारी सवयीनेच जुनी नेऊन दिली. परत आल्यावर त्याने नवी लावली. मी तिथेच भाजी निवडत होते. गाणं त्या ओळीपाशी आलं आणि सरळ पुढे निघून गेलं.

दादा खुर्चीतून अर्धवट उठला. "अडकलं नाही," तो म्हणाला. पुन्हा खाली बसत म्हणाला, "तिची होती ती. मी देऊन टाकली गं."

आम्ही तसेच तडक बाजारात गेलो. रेकॉर्डवाल्याने दुपारीच तो गठ्ठा गोदामात पाठवला होता. दादाने एवढंच सांगितलं की ती प्रत काही करून परत हवी. ओरखड्यासाठी हवी, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने असं पाहिलं की मी गप्प बसले. रेकॉर्डवाला भला माणूस. शोधून ठेवतो म्हणाला, पुढच्या रविवारी या.

त्या आठवड्यात दादाने आपण होऊन सांगितलं की आमटी खारट झालीय. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशीही मीठ जास्तच घातलं.

रविवारी रेकॉर्डवाल्याने ती नव्या कोऱ्या पाकिटात घालून दिली.

"इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही, त्यात घरात असं झालेलं," तो म्हणाला. "म्हटलं, खराब कशी परत देऊ? भिंग लावून बसलो, सुईच्या टोकाने एकेक खाच मोकळी केली. लावून बघा, कुठे अडकणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग कुणावर काढणार? बिचारा डोळे फोडून बसला होता. दादाने रेकॉर्ड उजेडासमोर धरून तिरकी केली, नीट पाहिली, आणि काम सुरेख झालंय म्हणून सांगितलं. मनापासून सांगितलं. असं काम कळतं त्याला.

घरी आल्यावर त्याने ती लावली. ओळ आली, एकदाच आली आणि गेली. पुढे बाकीची गाणीही झाली. दादाने सुई उचलून जागेवर ठेवली.

"आता गेली ती," तो म्हणाला. भाजीवाला येऊन गेला, असं सांगावं तसं.

मला हुंदका आवरेना. वहिनी गेल्यापासून त्याच्यासमोर मी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला.